दोनदा प

मॉर्टनकाकाने दिवाणखान्यात एक ढाल टांगली होती:
निळ्या जमिनीवर तीन मिरे, वर शिरस्त्राण,
खाली लॅटिन, जिचा अर्थ त्यालाही ठाऊक नव्हता.
टपालाने मागवलेली, एकोणीस डॉलर, चौकटीचे वेगळे.
‘आपण पपेरिन,’ तो सांगे, ‘मूळचे फ्रान्सचे.
मिऱ्यांचे व्यापारी. धर्मापायी देशोधडीला लागलो.’
आणि बाबा, त्याचे धाकटे भाऊ, मान डोलवायचे.
बोलायचे नाहीत.

बाबांना प जड जायचा.
फोनवर नाव सांगायची वेळ आली
की रिसीव्हर आईच्या हातात.
खिळेमोळ्यांच्या दुकानातल्या उधारीच्या वहीत
ते नुसते डी. पी. होते, चाळीस वर्षं.

मी चेस्टरटाउनला गेले
ते ढाल खरी ठरवायला नव्हे, खोटी ठरवायलाही नव्हे.
निवृत्त झाले होते, गुडघे दुखत होते,
आणि दफ्तरखान्यात बसायला बरी खुर्ची मिळते.

फ्रान्सच्या याद्यांत पपेरिन नाही.
इंग्लंडातल्या एकाही गावाने हे नाव पोसलेलं नाही.
सतराशे एकतीसच्या अलीकडे आम्ही आहोत,
घरं, बायका, डुकरं, कर्जं, सगळ्यासकट;
पलीकडे कुणीच नाही.
जणू खाडीतून चालत वर आलो, खेकड्यांसारखे.

मग कोर्टाची वही. मालकाची तक्रार:
*माझा करारबद्ध नोकर जाबेझ पेरिन पळाला.
वय विसाच्या आसपास, डाव्या भुवईवर व्रण,
बोलताना फार अडखळतो.*
दोन पानं उलटली.
तोच व्रण, तीच भुवई, आता पकडून आणलेला,
आणि या खेपेला कारकून त्यालाच विचारतोय, नाव?
पुढे लिहिलंय: जाबेझ पपेरिन.

मी ते पान झाकलं. पुन्हा उघडलं.
कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं होतं.
प्रामाणिक माणूस. अक्षर सुंदर.
मिरे नाहीत, फ्रान्स नाही.
साखळीतला एक पोरगा, मिटलेल्या ओठांमागे
स्वतःचं नाव ढकलत उभा,
आणि ते एकदाचं सुटलं
ते एका प-सकट जास्तीच्या.

बाबा, तुम्ही एकटेच ते नाव बरोबर उच्चारत होता.

इथेच थांबले असते तर बरं होतं.
खोक्याच्या तळाशी त्याचं मृत्युपत्र होतं,
सतराशे चौसष्टचं. पिसांची गादी थोरल्याला.
दोन लोखंडी हंडे मधल्याला.
धाकट्याला लाल गाय,
*आणि डायना नावाची बाई, तिच्या पोरासह.*
गाय आधी लिहिलीय.
ज्याला स्वतः पळून जावंसं वाटलं होतं, त्याने.

टेबलावरच्या नोंदवहीत
या खोक्यासाठी माझ्या आधीची सही निळ्या शाईत:
ओडेसा पपेरिन, बाल्टिमोर.
‘मागच्याच मंगळवारी आल्या होत्या,’ कारकून बाई म्हणाल्या,
‘तुमच्या कुणी लागतात का?’
मला उत्तर देता आलं नाही.
तिला जाबेझ नको असणार. ती गाईच्या खालची ओळ
वाचायला आली असणार, एवढ्या लांब.
त्या पोराने मोठेपणी हेच नाव घेतलं,
किंवा त्याला ते चिकटवलं गेलं; वही गप्प आहे.
एका माणसाचा अडखळा
दोन घरांत निरनिराळ्या दारांनी शिरला.

पेरिन तर इंग्लंडच्या याद्यांत अकरा सापडले.
आमचा कुठला, कळत नाही. शोधते आहे अजून, उगाच.
ढाल काकूने गॅरेजमध्ये ठेवली आहे,
बर्फ उपसायच्या फावड्यामागे.

काल संध्याकाळी बाल्टिमोरचा नंबर फिरवला.
तीन घंटा. मग एक वयस्कर आवाज:
‘हॅलो? कोण बोलतंय?’

मी कधी अडखळत नाही.
सदतीस वर्षं शाळेत हजेरी घेतली आहे.
‘मी,’ म्हटलं, ‘मी मेरीलंडच्याच... माझं नाव प—’

आणि ओठ मिटले ते मिटलेच.
पलीकडे ती वाट पाहत होती.